साखर : नाव दाण्याचे की गोडीचे?

साखर हा शब्द युरोपातल्या बहुतेक भाषांत थोड्याफार फरकाने सापडतो. इंग्रजीत शुगर, फ्रेंचमध्ये स्युक्र, जर्मनमध्ये त्सुकर, इटालियनमध्ये त्सुक्केरो, स्पॅनिशमध्ये असूकर, सर्बियनमध्ये शेचेर, रुमानियनमध्ये झाहर आणि रशियनमध्ये चक्क साखर. त्यातला ख तेवढा घशातून घासून उच्चारायचा. फिनिश, हंगेरियन आणि बास्क या भाषांचे कूळ युरोपातल्या बहुतेक भाषांहून निराळे आहे. तरी सोकेरी, त्सुकोर आणि असुक्रे ही त्यांची रूपे याच शब्दाची आहेत. माता आणि मदर यांच्यासारखे हे नाते नाही. ती जोडी एका प्राचीन मूळ भाषेतून दोन्हीकडे वारशाने आली. साखर उसनवारीने पसरली, एका भाषेने दुसरीकडून आणि दुसरीने तिसरीकडून घेतली, आणि या उसनवारीचे पहिले टोक भारतात आहे.

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्यात या शब्दाचा जुना आणि नवा इतिहास शेजारी-शेजारी आहे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी. जायकवाडीच्या फुगवट्यापलीकडे पैठण, म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान, शेवगावपासून तीसेक किलोमीटरवर. पहिल्या शतकातल्या ग्रीक लेखनात पैठणचे नाव आहे आणि त्याच लेखनात साखरेचेही. तालुक्यात बोधेगावला केदारेश्वर आणि नजीक बाभूळगावला गंगामाई हे साखर कारखाने, तर शेजारच्या नेवासे तालुक्यात भेंडे येथे ज्ञानेश्वर कारखाना. मुळेच्या उजव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाचे फड दिसतात आणि कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात.

या शब्दाविषयी दोन मते संभवतात. शब्द जिथून निघाला तिथूनच वस्तूही निघाली आणि शब्दाचा माग म्हणजे वस्तूचाच माग, हे एक. शब्द फार तर व्यापाऱ्याची वाट सांगतो, वस्तूचा जन्म सांगत नाही, हे दुसरे. पुढच्या संवादात पहिले मत शेवगावचे एक निवृत्त मराठीचे शिक्षक मांडतात आणि दुसरे मत साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ. दोघेही कल्पित आहेत. गावाने त्यांना दिली असती तीच नावे इथे ठेवली आहेत, गुरुजी आणि साहेब.

गुरुजी : साहेब, सुरुवात अर्थापासून करू. संस्कृतातल्या शर्करा या शब्दाचा मूळ अर्थ गोड नाहीच. शर्करा म्हणजे बारीक खडे, रेती, कंकर. पाणिनी एका सूत्रात सिकता आणि शर्करा यांची जोडी लावतो. सिकता म्हणजे वाळू. सुश्रुताने लघवीतून पडणाऱ्या बारीक खड्यांना शर्कराच म्हटले आहे. आपण मुतखडा म्हणतो, त्यातला हा खडा.

साहेब : म्हणजे उसाच्या रसाचे दाणे पडले, तेव्हा लोकांनी त्याला रेती म्हटले.

गुरुजी : बरोबर.

साहेब : मग यात मला अडचण नाही. गोड तर काकवीही होती, गूळही होता. नवी गोष्ट होती ती दाण्याची. आमच्या कारखान्यात पोत्यावर एम-३०, एस-३० असे छापतात ते दाण्याच्या आकारावरून आणि रंगावरून. गोडी सगळ्यांची सारखीच. पण तुम्ही म्हणता ती शर्करा म्हणजे आजची साखर, असे समजू नका.

साहेबांचा हा इशारा रास्त आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या पदार्थांची एक यादी आहे: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा. वैद्यकाच्या ग्रंथांतही ही नावे येतात आणि साधारण याच क्रमाने पदार्थ अधिकाधिक शुद्ध मानले जातात. फाणित म्हणजे आटवलेला दाट रस, आपल्या काकवीच्या जवळचा. गुड म्हणजे गूळ. मत्स्यण्डिका हे नाव माशाच्या अंड्यांवरून पडले, कारण पाकात तसे बारीक रवाळ कण दिसतात. खण्ड म्हणजे तुकडा. शेवटी शर्करा. पाच नावांपैकी निदान तीन नावे पदार्थाच्या घडणीवरून पडली आहेत: अंडी, तुकडा, रेती. गोडीचा उल्लेख त्यांतल्या एकाही नावात नाही.

या यादीतून युरोपात गेलेला शर्करा हा एकटाच शब्द नाही. खण्डचे फारसीत कंद झाले, अरबीत कंदी, आणि पुढे इंग्रजीत कँडी, जर्मनमध्ये कांडिस. फाणितचा प्रवास अधिक गमतीचा आहे. त्याचे फारसीत पानीद, अरबीत फानीद आणि स्पॅनिशमध्ये अरबी उपपद चिकटून आल्फेनिके. स्पॅनिश लोकांनी हा शब्द मेक्सिकोला नेला. तिथे मृतात्म्यांच्या सणाला साखरेच्या कवट्या करतात, त्या कामाला आजही आल्फेनिके म्हणतात. गुळव्याच्या काहिलीतला शब्द असा कवटीपर्यंत पोचला.

मराठीने खड्याची ही कल्पना पुन्हा एकदा वापरली. रस्त्यावर अंथरायची ती खडी आणि प्रसादाला वाटायची ती खडीसाखर. ही खडीसाखर फोडून बघितली तर खडे आणि साखर हे दोन्ही शब्द मुळात एकच गोष्ट सांगतात.

गुरुजी : आता ध्वनीकडे या. संस्कृतात शर्करा, त्यात ख नाही. पालीत मात्र सक्खरा असे रूप आहे, आणि त्याचे दोन्ही अर्थ आहेत, खडा आणि साखर. ग्रीकांनी लिहिले साक्खारोन. त्यांच्या शब्दातला ख संस्कृतातून आलेला नाही. लोकांच्या बोलीतून, प्राकृतातून आलेला आहे. आणि मराठीत साखर. हिंदीत शक्कर, कन्नडात सक्करे, गुजरातीत साकर. यांत ख कुठे आहे? मराठीत आहे. म्हणजे ग्रीक शब्दाची सख्खी बहीण आपली साखर.

साहेब : जुन्या मराठीत साकर असेही लिहिलेले सापडते, गुरुजी. तुम्हीच कधीतरी वर्गात शिकवले असेल.

गुरुजी : सापडते. मराठीत दोन्ही रूपे होती. पण टिकले ते ख असलेले रूप.

साहेब : टिकले म्हणून सख्खे ठरवता येईल का? ख असलेली बोली दोन हजार वर्षांपूर्वी कुठली होती, भडोचची की मगधाची, हे त्या एका अक्षरावरून कसे कळणार?

या प्रश्नाचे उत्तर एका अक्षरातून मिळत नाही, पण ग्रीक लेखन काही ठोस माहिती देते. पहिल्या शतकाच्या मध्याला कुणा नाव नसलेल्या ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. हे पुस्तक ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखले जाते. पश्चिम भारतातला आरियाके हा प्रदेश आणि बारिगाझा, म्हणजे भडोच, येथून सोमालियाच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात त्याने गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल आणि कापड यांच्या जोडीला बोरूतला मध नोंदवला आहे आणि या मधाला साक्खारी म्हणतात असे सांगितले आहे. त्याच पुस्तकात पुढे पैठणचा उल्लेख येतो: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. त्याच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर.

गुरुजी : बघा. पैठण आणि साक्खारी, एकाच पुस्तकात.

साहेब : एकाच पुस्तकात, पण एका ओळीत नाही. पैठणहून भडोचला काय जायचे म्हणतो तो? पट्ट्यापट्ट्यांचे रंगीत दगड. तेरहून कापड. पैठणहून साखर गेली असे तो कुठेही म्हणत नाही.

गुरुजी : म्हणजे पैठणहून खडेच गेले.

साहेब : खडे गेले, पण गोड नव्हते!

पेरिप्लसच्याच शतकात दोन वैद्यक-जाणकारांनी या पदार्थाचे वर्णन केले. डायोस्कोरिडीस हा ग्रीक वैद्य लिहितो की साक्खारोन हा घट्ट झालेला एक प्रकारचा मध असून तो भारतात आणि अरबस्तानात बोरूंमध्ये सापडतो. तो मिठासारखा असतो, दाताखाली कडकन फुटतो, पाण्यात विरघळवून प्यायला तर पोटाला बरा. रोमन लेखक प्लिनीही जवळपास हेच सांगतो. भारतातला माल अधिक चांगला, डिंकासारखा पांढरा, मोठ्यात मोठा तुकडा हेझलनटएवढा आणि उपयोग फक्त औषधापुरता. दोघांच्याही वर्णनात दात आहेत. रोमन जगाला साखर प्रथम कळली ती जिभेइतकीच दाताला.

सतराव्या शतकात सोमेझ या फ्रेंच विद्वानाने एक शंका काढली. त्याचे म्हणणे असे की प्राचीनांचे साक्खारोन ही साखर नव्हतीच. ते होते वंशलोचन, म्हणजे बांबूच्या पेरात साठणारा पांढरा ठिसूळ पदार्थ. बांबूही बोरूच्याच जातीचा दिसतो, वंशलोचनही पांढरे, तेही औषधात वापरतात. संस्कृतात त्याला त्वक्क्षीर म्हणतात आणि अरबी-फारसीतून तबाशीर या नावाने ते पश्चिमेकडे ठाऊक होते.

गुरुजी : ही शंका तुमच्या उपयोगाची आहे, साहेब. शब्द पोचला, वस्तू मात्र दुसरीच पोचली.

साहेब : उपयोगाची आहे, पण मला ती घेता येत नाही. वंशलोचन म्हणजे मुख्यतः सिलिका. वाळूचीच जात. ती पाण्यात विरघळत नाही आणि गोड तर मुळीच लागत नाही. तुमचा ग्रीक वैद्य पाण्यात विरघळवून प्यायला सांगतो आणि त्याला मध म्हणतो. मी प्रयोगशाळेत तीस वर्षे जी परीक्षा केली, तिच्यात वंशलोचन नापास आहे. ती साखरच होती. ओबडधोबड असेल, मळकट असेल, पण साखर.

आपल्या पक्षाविरुद्ध पुरावा गेला तरी तो मान्य करण्याची ही पद्धत वादात क्वचित दिसते. शब्दाबरोबर वस्तूही रोमपर्यंत पोचली होती एवढे यातून ठरते. पण ती दुकानात मिळणाऱ्या औषधाएवढीच राहिली. युरोपच्या स्वयंपाकघरात गोडीसाठी अजून मधच होता आणि साक्खारोन हा शब्द वैद्यांच्या पोथीबाहेर फारसा पडला नाही. आजच्या बहुतेक युरोपीय भाषांतले शब्द या पहिल्या फेरीतून आलेले नाहीत.

दुसरी फेरी इराणमार्गे झाली. भारतातून ऊस आणि साखर करण्याची विद्या इराणात गेली आणि फारसीत शकर हा शब्द रुळला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकले, तेव्हा शकरचे सुक्कर झाले. अरबांनी ऊस इजिप्त, सिसिली आणि स्पेनपर्यंत नेला. स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांनी शब्दाबरोबर अरबी उपपदही उचलले, म्हणून असूकर. इटालियन लोकांनी उपपद सोडून त्सुक्केरो घेतला, फ्रेंचांचा स्युक्र तिथून, इंग्रजांचा शुगर फ्रेंचांकडून, जर्मनांचा त्सुकर इटालियनांकडून. पोलिश, चेक आणि हंगेरियन भाषांना तो जर्मन बाजूने मिळाला.

पूर्वेकडे मात्र वाट निराळी होती. बायझंटाइन साम्राज्यात जुना ग्रीक शब्द जिवंत होता. आजच्या ग्रीकमध्ये तो झाखारी झाला आहे. ग्रीकांकडून तो रशियन, बल्गेरियन आणि रुमानियन भाषांत उतरला. म्हणूनच रशियन साखर आणि मराठी साखर कानाला इतकी सारखी लागते. रशियन शब्द अरबी सुक्करच्या वाटेने आला असता तर त्यात उ दिसला असता. तिसरी वाट तुर्कांची. तुर्की शेकेर बाल्कनमध्ये गेला आणि सर्बियनमध्ये शेचेर झाला, अल्बेनियनमध्येही त्याच्या जवळचे रूप आहे.

पोलिश, रशियन आणि सर्बियन या एकाच स्लाव्ह कुळातल्या भाषा. आई, भाऊ, पाणी यांचे शब्द तिघींत जवळजवळ सारखे. साखरेला मात्र एक त्सुक्येर म्हणते, दुसरी साखर, तिसरी शेचेर.

साहेब : हा माझा पुरावा, गुरुजी. तीन बहिणींना एकच वस्तू तीन दुकानदारांनी विकली. शब्दाने दुकानदार सांगितला. ऊस कुठे उगवला ते नाही.

गुरुजी : पण तिन्ही दुकानदारांनी माल एकाच गोदामातून उचलला, हेही शब्दच सांगतो. शेकेर, सुक्कर, साक्खारोन, सगळे शर्करेचेच.

साहेब : मग कापसाचे काय? आपल्या शेवगावच्या बाजारात उसाइतकाच कापूस. कापूसही भारतातून तिकडे गेला. संस्कृत कार्पास, ग्रीकांनी कार्पासोस असा घेतलाही होता, लॅटिनमध्ये कार्बासुस होता. आज युरोपात काय म्हणतात? इंग्रजीत कॉटन, स्पॅनिशमध्ये अल्गोदोन. दोन्ही अरबी कुत्नपासून. ज्याने शब्दावरून उगम शोधला असता, त्याने कापसाचा उगम अरबस्तानात नेऊन ठेवला असता.

हा संवादातला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. दोन्ही वस्तू भारतातून पश्चिमेला गेल्या, दोन्ही शब्द ग्रीकमध्ये पोचले, आणि तरी एक टिकला, एक हरवला. कापसाला अरबांनी आपले नाव लावले; साखरेला त्यांनी इराणकडून मिळालेलेच नाव चालू ठेवले. शब्दाचे टिकणे हा असा मधल्या माणसाच्या सोयीचाही भाग असतो. गुरुजींनी यावर दिलेले उत्तर कापसाला टाळते, पण साखरेबद्दल ते नेमके आहे.

गुरुजी : कापसाचे तुम्ही म्हणता ते खरे. पण माझा दावा उसाबद्दल नाही, हे लक्षात घ्या. ऊस हा शब्द युरोपात गेलाच नाही. संस्कृत इक्षु, प्राकृतात उच्छु, मराठीत ऊस. तो इथेच राहिला. युरोपच्या भाषांत उसाला नाव काय? जर्मन म्हणतो साखरेचा बोरू, फ्रेंच म्हणतो साखरेची वेताटी. झाडाला स्वतःचे नावच नाही. कारण त्यांच्याकडे झाड नंतर आले, आधी दाणे आले.

साहेब : शास्त्रीय नावही तसेच. लिनियसने १७५३ मध्ये उसाला साक्खारुम ऑफिसिनारुम असे नाव दिले. साक्खारुम म्हणजे साखर, आणि ऑफिसिनारुम म्हणजे औषधाच्या दुकानातला. दाण्याचे नाव झाडाला चिकटले, खरे आहे. आणि झाडाचे म्हणाल तर ते आपले नाहीच. हा जाड, रसाळ ऊस माणसाने प्रथम न्यू गिनी बेटावर लागवडीला आणला, हजारो वर्षांपूर्वी. तिथून तो आशियात पसरला. उत्तर भारतातला जुना बारीक ऊस हा त्याचा आणि रानगवताचा संकर.

उसाच्या जन्माबाबत साहेबांचे म्हणणे वनस्पतिशास्त्राला धरून आहे. आजचे बेणे तर त्याहून नवे. कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र निघाले. तिथे न्यू गिनीच्या कुळातल्या उसाचा काश जातीच्या रानगवताशी संकर केला आणि १९१८ मध्ये को २०५ हे वाण बाहेर पडले. अहिल्यानगर जिल्ह्यात शेतकरी ज्याला नुसते ‘शहाऐंशी बत्तीस’ म्हणतात ते को ८६०३२ याच परंपरेतले. त्याची टिपरी लावणाऱ्याच्या हातात न्यू गिनी, कोइमतूर आणि भारतातले रानगवत एकत्र असतात. शर्करा या शब्दाला यातले काहीच ठाऊक नाही.

पांढरा दाणा करण्याची पद्धतही जुन्या शर्करेची नाही. उत्तर भारतात राब, म्हणजे आटवलेला दाट रस, पाटीत भरून तिच्यावर ओले पाणशेवाळ ठेवत. शेवाळातले पाणी हळूहळू झिरपून मळी खाली नेई आणि वर उजळ खांडसरी उरे. आज हे काम फिरती यंत्रे करतात. रस कमी तपमानाला उकळून तो करपू न देणारी निर्वात कढई एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाने १८१३ च्या सुमारास काढली. तिलाच कारखान्यात पॅन म्हणतात, आणि दाणा किती वाढू द्यायचा हे ठरवणाऱ्या कामगाराला पॅनमन. नगर जिल्ह्यात ही यंत्रे आधी हरिगावच्या बेलापूर कंपनीने आणि १९५० पासून प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने चालवली. त्या कारखान्यामागे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ होते. शेवगाव परिसरातले कारखाने त्यानंतरचे.

साहेब : आणि युरोपने तर उसालाही रजा दिली. १७४७ मध्ये मार्ग्राफ या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने बीटच्या कंदात तीच साखर आहे हे दाखवले. त्याच्या शिष्याने, आखार्डने, १८०१ मध्ये सिलेशियात बीटचा कारखाना उभारला. नेपोलियनच्या काळात इंग्रजांनी समुद्र अडवला, वेस्ट इंडीजची साखर थांबली, तेव्हा बीटला सरकारी बळ मिळाले. आज रशियात साखर म्हणून जी मिळते तिच्यात बहुधा उसाचा थेंब नसतो. शब्द भारताचा, झाड तिथले, यंत्र तिथले.

गुरुजी : मग हा पुरावा माझ्या बाजूला टाका. नाव उसाचे असते तर बीटच्या दाण्याला ते शोभले नसते. नाव दाण्याचे होते. दाणा बीटमधून निघाला तरी रेती ती रेतीच.

इथे गुरुजींनी आपला मूळ दावा बराच आखूड केला आहे आणि तेवढा दावा टिकतो. वनस्पती भारताची नाही, आजची कृती भारताची नाही. पण रसाला दाण्याच्या रूपात पाहणे आणि त्या रूपावरून नाव देणे भारतात घडले, आणि जगाने ते दाण्यासकट घेतले. चीनमध्येही पाहण्याची ही तऱ्हा दिसते. चिनी भाषेत घट्ट साखरेला दगडी मध म्हणत. साखर करण्याची मगधातली रीत शिकण्यासाठी तांग सम्राट ताइझोंगने इ. स. ६४७ मध्ये माणसे पाठवली, असे चिनी इतिहासात नोंदले आहे.

हेच चीन पुढे हिंदीत साखरेचे नाव होऊन आले. हिंदी आणि बंगालीत साखर म्हणजे चीनी. खडीसाखरेला हिंदीत मिसरी म्हणतात, म्हणजे मिस्र देशाची, इजिप्तची. जिथून शर्करा गेली, तिथेच परदेशाची नावे येऊन बसली. मराठीने एकोणिसाव्या शतकात मॉरिशसहून येणाऱ्या मालाला मोरस साखर म्हटले, पण साखर हे नाम सोडले नाही. देशाचे नाव विशेषणापुरते ठेवले. गुजरातीत तर मोरस हेच नाम झाले. मिसरी हा शब्द मराठीतही आहे, पण त्याचा अर्थ दात घासायची भाजलेली तंबाखू. तो विषय निराळा.

दक्षिणेत शब्द घसरला तो दुसऱ्या दिशेला. मल्याळममध्ये चक्कर म्हणजे गूळ. पोर्तुगीज केरळात उतरले तेव्हा त्यांनी हा शब्द उचलला, त्याचे जागरा केले आणि इंग्रजांनी जॅगरी. इंग्रजीत शुगर तेराव्या शतकाच्या अखेरीस आला होता. तीनशे वर्षांनी त्याच शर्करेचा दुसरा वंशज गुळाच्या वेषात आला आणि दोघांची ओळख पटली नाही.

साहेब : गुळाला रेतीचे नाव! ढेपेत दाणा कुठे असतो? तुमच्या दाण्याच्या सिद्धान्ताला इथे तडा गेला, गुरुजी.

गुरुजी : चांगला गूळ रवाळ असतो, साहेब. गुळव्याला विचारा.

साहेब : रवाळपणा मान्य. पण तुम्ही मागे रेतीच्या नावाचा पहारा करत होता, आता रवाळपणाने भागवता.

प्रयोगशाळेने तर हा पहारा पुरता उठवला. १८३८ मध्ये फ्रान्समध्ये ग्लुकोज हे नाव पडले ते गोड द्राक्षरसाच्या ग्रीक शब्दावरून. तिथे प्रथमच गोडीला प्राधान्य मिळाले. साखरेच्या रेणूला १८५७ मध्ये सुक्रोज म्हटले, फ्रेंच स्युक्रवरून. १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फाहलबर्ग या रसायनशास्त्रज्ञाला डांबराच्या रसायनांवर काम करताना एक अतिगोड पदार्थ सापडला. त्याला लॅटिन साक्खारुमवरून सॅकरिन हे नाव मिळाले. त्याचा उसाशी संबंध नाही, बीटशीही नाही. गोडीखेरीज साखरेशी त्याचे नाते नाही. शर्करेच्या वंशात केवळ गोडीवरून नाव मिळालेला हा शब्द.

गुरुजी : तरी आज मराठीत या एका मुळाचे चार शब्द नांदतात. प्राकृतातून साखर, ती स्वयंपाकघरात आणि कारखान्यात. संस्कृतातून शर्करा, ती पाठ्यपुस्तकात आणि रक्तशर्करेत. ग्रीक-लॅटिनमार्गे सॅकरिन. आणि फारसी, अरबी, फ्रेंच, इंग्रजी असा फेरा घालून आलेला शुगर.

साहेब : तो शुगर आपल्याकडे पदार्थाला म्हणत नाहीत, हे बघितलेत का? शेवगावात कुणी वाण्याकडे दोन किलो शुगर मागत नाही. साखरच मागतो. शुगर आहे म्हणजे मधुमेह आहे. दवाखान्यात विचारतात, घरात कुणाला शुगर आहे का.

गुरुजी : म्हणजे आता एक शब्द खाण्याचा आणि दुसरा दुखण्याचा.

साहेब : आणि दुखण्याच्या शब्दाखाली चिठ्ठीवर जो आकडा असतो तो सुक्रोजचा नसतो, ग्लुकोजचा असतो. रक्तात दाणा नसतो, गुरुजी.